केरू तांडेलाची वाव

वाव म्हणजे काय, हे आमच्या मांडवीत कुणाला शिकवावं लागत नाही. दोन्ही हात ताणून पसरा. ह्या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. दोर वावेनं, जाळं वावेनं, विहीर वावेनं, समुद्राचं पाणीही वावेनंच. पण वाव कुणाची, हे कोण मेला विचारतो?

केरू आमच्या मचव्याचा तांडेल, सगळी नाव त्याच्या हुकमात; ताडमाड माणूस. मचव्यावरून पाणी मोजायची दोरी तो स्वतःच्या हातांनी मापायचा आणि दर वावेला फडकं बांधायचा. अठ्ठावीस साली त्याचा खांदा निखळला, त्यातच जुनी दोरी कुजली. नवी दोरी त्याच्या बायकोनं, चिमावहिनीनं, वळली आणि आपल्याच हातांनी मापून फडकी बांधली. वहिनी जेमतेम त्याच्या छातीला लागायची. तरी आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात काही आलं नाही!

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. तिथं केरूच्या दोन वावा पाणी असलं की भरलेला मचवा सुखरूप आत यायचा. त्या दिवशी त्यांचा एकुलता एक मुलगा दादू पुढच्या टोकावरून नव्या दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडत होता. "दोन वाव, बाबा!" तो ओरडला. केरूनं सुकाणू वळवलं. मचवा दाणकन वाळूत बसला, मागून लाट आली आणि दादूला घेऊन गेली.

शोधून शोधून आम्ही हरलो. मग केरूनं ती दोरी ओढून घेतली, दुखरा खांदा तसाच ताणून हात पसरले. फडकं मनगटाच्याही अलीकडे राहिलं. जवळ मी एकटाच होतो. त्यानं कोयत्यानं दोरी तोडून पाण्यात टाकली.

"भिकाजी, चिमाला कळलं तर ती जीव देईल. तुला दादूची शपथ आहे."

किनाऱ्यावर मचव्याच्या मालकानं सगळ्यांदेखत विचारलं, "असं कसं झालं रे, तांडेला?"

"माडी प्यालो होतो," केरू म्हणाला. थेंबाला न शिवणारा माणूस!

पुन्हा त्याला कुणी मचवा दिला नाही. वहिनी त्याच्यापुढं ताट सरकवायची, पण बोलायची नाही. "पोर खाल्लंत माझं," एवढंच एकदा म्हणाली. माझा संताप व्हायचा. सांगून टाक की एकदाचं! तो म्हणायचा, "रागावर उभी आहे ती. राहू दे."

छत्तीस साली केरू गेला. प्रेत ओटीवर ठेवलं होतं. वहिनी माझ्याजवळ आली.

"भावोजी, देवाशप्पथ सांगा. हे खरंच प्याले होते?"

मी ओटीवरच्या केरूकडे पाहिलं.

"होय, वहिनी."

ती आत गेली. केरूच्या तोंडात पाणी घालायला बायकांनी हाका मारल्या, तरी ती बाहेर आली नाही.