शालूबाई काय जेवते

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शालूबाईच्या मांडीवरची पट्टी सोडली, जखम पाहिली आणि पुन्हा झाकली. ऑपरेशन होऊन तीन आठवडे उलटले तरी एका टोकाला जखम ओलीच होती. बाईंनी रक्ताचा कागद वाचला आणि लालासाहेबकडे वळून विचारलं, "या रोज काय जेवतात?"

लालासाहेब बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. हवालदार म्हणून घरी आला. वरच्या माणसानं विचारलं की ताठ उभं राहून खणखणीत उत्तर द्यायचं, ही जन्माची सवय. आताही तो ताठ झाला.

"भाकरी," तो म्हणाला. "भाकरी खाती. आन... आमटी."

"काल काय खाल्लं होतं त्यांनी?"

लालासाहेब बायकोच्या तोंडाकडं बघायला लागला. तिनंच मग त्याची सुटका केली. "खाती की वो बाई. समदं खाती मी."

आष्ट्यापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. मळ्यातलं घर, दारात तीन म्हशी, वीसएक कोंबड्या. कुठल्या म्हशीला किती सरकी पेंड लागते, कुठली भुशात तोंड घालत नाही, कुणाचं दूध कवा आटतं, हे लालासाहेबला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण एक्केचाळीस वर्षं ज्या बाईनं त्याला वाढलं, ती स्वतः काय खाते हे त्याला सांगता येईना.

शालूबाई गोठ्यात पडली होती. घसरली नाही, कशाला अडखळलीही नाही. वैरणीची पेंढी उचलायला वाकली आणि पायच तिच्याखालून गेला. खुब्याचं हाड मोडलं. सगळे म्हणाले वयाचा परिणाम, बासष्ट म्हणजे काय कमी झालं? पुढं तिची पावलं सुजली, तेव्हा लालासाहेबला उलट बरं वाटलं होतं. म्हटलं, बसून खातीय, अंग धरतंय.

"ते अंग नाही, पाणी साठलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांच्या रक्तात प्रोटीन कमी आहे. टाके मी घातले, पण मांस भरायचं काम शरीरानं करायचं असतं. त्याला माल कुठून मिळणार? मांड्या बघा यांच्या. हे तीन आठवड्यांचं नाही, कित्येक वर्षांचं आहे."

शेजारच्या खोलीत आहाराचं सांगणारी एक मुलगी होती. तिनं शालूबाईचं वजन केलं, अडतीस किलो भरलं. म्हणाली, "रोज पन्नास ग्रॅम तरी प्रोटीन पोटात गेलं पाहिजे."

"पन्नास ग्रॅम?" लालासाहेबला हायसं वाटलं. "मूठभर बी न्हाई की ते."

"पन्नास ग्रॅम डाळ नाही आजोबा, पन्नास ग्रॅम प्रोटीन. एका अंड्यात सहा. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. पेलाभर दुधात सात-आठ. भाकरीत दोन-तीन. आता तुम्हीच जुळवा. आणि आमटीचं वरचं पाणी नको, तळातली डाळ द्या. रस्सा नको, फोडी द्या. हरभरा, मटकी, शेंगदाणे, दही, सगळं चालेल. एकदम नाही, दिवसभर थोडं थोडं."

कागदावरची यादी लालासाहेबनं दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना त्याच्या ध्यानात आलं. यातला एकही जिन्नस त्याला बाहेरून आणायचा नव्हता. सगळं घरात होतं. कायमच होतं.

गाडी सांगलीच्या बाहेर पडल्यावर त्यानं मागं वळून विचारलं, "तू अंडी खाईत न्हाईस व्हय?"

"खाती की. उरलं तर."

"दूध?"

"डेरीला घालून तुमचं न् जयराजचं काढलं की संपतंय. मला कोरा च्या लागतो. सवय हाय."

मग त्यानं विचारलं, "कोंबडं करतोय तवा तू नुसता रस्सा घेतीस. फोडी तुला आवडत न्हाईत न्हवं?"

पाहुण्यारावळ्यांत हे त्यानं शंभर वेळा सांगितलं होतं, आमच्या मंडळींना रस्साच लय आवडतो म्हणून. शालूबाई खिडकीतून उसाकडं बघत होती. "आवडत्यात की," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून लालासाहेबनं कारभार हातात घेतला. कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला वेळापत्रक लिहिलं. सकाळी सातला दूध, नऊला दोन अंडी, दुपारी घट्ट वरण आणि दही, चारला मटकीची उसळ, संध्याकाळी पुन्हा दूध. सून अंकिताला तेव्हा सहावा महिना चालू होता. तिला त्यानं चुलीपासून उठवलं आणि अंडी स्वतः उकडली.

ताट घेऊन तो खाटेपाशी गेला आणि समोर स्टूल ओढून बसला. शालूबाईनं पदर पुढं ओढला. घास उचलला, ताटात ठेवला. पुन्हा उचलला.

"खा की."

"खाती. तुमी जावा की तिकडं."

"मी बसलो तर काय व्हतंय?"

"न्हाई जमत मला. तुमी असं बघत बसल्यावर कसं खाऊ?"

एक्केचाळीस वर्षांत त्यानं तिला जेवताना पाहिलं नव्हतं. त्याचं जेवण व्हायचं, हात धुऊन तो ओसरीवर जायचा, मग आत कधीतरी भांडी वाजायची. तेवढंच त्याला तिचं जेवण माहीत. तो उठून बाहेर गेला. अर्ध्या तासानं आला तर ताट लख्ख.

असे बारा दिवस ताट लख्ख येत राहिलं. लालासाहेबची छाती फुगली. शेजारणीला त्यानं ओसरीवरून ओरडून सांगितलं, "दोन अंडी खाती आता आमची!" मग तो तिला पुन्हा सांगलीला घेऊन गेला, बक्षीस घ्यायला जावं तसा.

वजन सदतीस भरलं. जखमेचं तोंड होतं तेवढंच उघडं.

घरी आल्यावर त्याचं डोकं चालेना. अंकितानं त्याला पाणी दिलं आणि तिथंच उभी राहून रडायला लागली.

"मामा, आत्याची अंडी मी खाल्ली."

"काय?"

"मला देत्यात. न्हाई म्हटलं की पोटातल्या बाळाची आण घालत्यात. उसळ शेजारच्या मावशीच्या भांड्यात घालत्यात. दूध च्याच्या पातेल्यात वततोय आमी. तुमाला सांगायचं न्हाई म्हणाल्या."

लालासाहेबनं आवाज चढवला तसा गोठ्यातल्या म्हशींनीही माना वर केल्या. मरावं म्हणून बसलीयस काय, घरात अन्न असून उपाशी मरतीस, लोक माझ्या तोंडात शेण घालतील, असलं बरंच तो बोलला. त्याचा दम संपल्यावर शालूबाई हळूच म्हणाली, "मी मुद्दाम करती व्हय? घास फिरतोय तोंडात. समदी जेवायची असत्यात आन मी आधी खायाचं, उतरत न्हाई ते खाली. आन भूक म्हणाल तर ती बी कवाच मेली. पयल्यांदा लागायची."

"पयल्यांदा म्हंजे कवा?"

"तुमी फौजेत हुता तवा."

फौजेत तो रोज सकाळी दूध आणि अंडी खात होता. घरी पत्र यायचं त्यात 'इकडे सर्व खुशाल' असं असायचं, आणि तो ते खरं धरून चालायचा.

मुलानं, जयराजनं, आपला उपाय काढला. तो आष्ट्याच्या जिममध्ये जायचा आणि त्याच्याकडं प्रोटीनच्या पावडरीचा मोठा डबा होता. असले डबे घरात पाच-सहा होते. रिकामे झाले की शालूबाई धुऊन, उन्हात वाळवून त्यांत तिखट आणि डाळी भरायची. ज्या बाटलीत जयराज पावडर हलवायचा ती रोज तीच घासायची. डबा कसला, हे तिनं एकदा विचारलं होतं. "ताकदीचं हाय आई," तो म्हणाला होता, आणि ते तिथंच राहिलं.

डॉक्टरांना फोन करून, विचारून, जयराजनं दुधात एक चमचा पावडर कालवली आणि ते आईला स्वतःच्या हातानं पाजलं. ती लेकासाठी म्हणून डोळे मिटून प्याली. संध्याकाळपासून तिला जुलाब लागले. दोन दिवस पेजेवर काढले, त्यात होतं नव्हतं तेही गेलं. जयराज बाजेच्या कडेला बसून नुसता तिचे पाय चेपत राहिला. त्याच्या दंडाएवढी तिची मांडी उरली नव्हती. त्यानं शर्टाच्या बाह्या खाली ओढून घेतल्या.

मग सातवा लागल्यावर अंकिता बाळंतपणाला माहेरी मलकापूरला गेली. चोळी-बांगडी झाली, भाऊ गाडी घेऊन आला आणि घर सुनं झालं. जयराज सकाळी कामावर जायचा तो दिवेलागणीला यायचा. स्वैपाक लालासाहेबवर आला.

पहिल्याच दिवशी वॉकरचा आवाज करत शालूबाई चुलीपर्यंत आली. ओट्याला धरून उभी राहिली आणि परातीत पीठ घेतलं. पहिली भाकरी थापताना तिचे गुडघे थरथरायला लागले. लालासाहेबनं तिला मागून धरून खाली बसवलं. तिचं ओझं हातात आल्यासारखंही वाटलं नाही. मग त्यानंच वेड्यावाकड्या दोन भाकऱ्या भाजल्या, तळातली डाळ ढवळून वाटीत काढली, ताट वाढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"आन तुमचं?"

"तुझं झालं की घेतो."

शालूबाईनं ताट बाजूला सारलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सासू गेली तेव्हासुद्धा ती एवढी रडली नव्हती. "तुमी राबायचं, माझ्यामागनं शिळंपाकं खायाचं, हे मला बघवायचं न्हाई. मला कितीबी बोला. मारा पायजे तर. पर हे न्हाई हुणार माझ्यानं."

लालासाहेब ताटाकडं बघत राहिला. बोलून झालं होतं, ओरडून झालं होतं, हात जोडूनही झाले होते. शेवटी त्यानं ते ताट आपल्यापुढं ओढलं आणि जेवला. भूक नव्हती, तरी सगळं संपवलं, हात धुतला, ओसरीवर जाऊन बसला. थोड्या वेळानं आत भांडं वाजलं. त्यानं चोरपावलानं येऊन दाराच्या फटीतून पाहिलं. शालूबाई भिंतीकडं तोंड करून, पदर पुढं घेऊन, डाळीत कुस्करलेली अर्धी भाकरी खात होती. खरंच खात होती.

तेव्हापासून लालासाहेबचं सगळं वेळापत्रक फिरलं. तिनं सातला दूध प्यावं म्हणून तो पावणेसातला पेला रिचवायचा. नऊला तिच्या पोटात अंडं जावं म्हणून आधी आपण दोन खायचा. दुपारी दोन घास जास्त, चारला उसळ, संध्याकाळी पुन्हा दूध. त्याचं झालं की ती खायची. सगळं नाही, कधी निम्मं, कधी त्याहून कमी. ज्या दिवशी त्याला पोट जड वाटायचं आणि तो चारची उसळ टाळायचा, त्या दिवशी तीही टाळायची. "तुमी कुठं खाल्लं?" एवढंच म्हणायची.

दोन महिन्यांत त्याच्या विजारीची नाडी अपुरी पडायला लागली. डेरीवर दूध घालायला गेला की पोरंटोरं नव्हे, बरोबरीची माणसं टोमणे मारायची. आकाराम तर चारचौघांत म्हणाला, "लालासाहेब, बायकू काटकी झाली आन तुमी मोकाट पोळावानी सुटलाय रं गड्या! तिच्या वाटणीचं बी तुमीच हाणताय काय?" सगळे हसले. लालासाहेबनं किटली उचलली. सांगायचं काय? मी खातो म्हणून ती खाती, हे सांगून कुणाला पटलं असतं?

जखम मात्र, तो तिच्या आधी खायला लागल्यापासून अठ्ठावन्नाव्या दिवशी, भरली. सांगलीला गेले तेव्हा वजन चाळीसला टेकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी जखमेवरून बोट फिरवलं, पावलं दाबून पाहिली आणि पहिल्यांदाच हसल्या. "छान. आणि यजमानांचंही वजन वाढलेलं दिसतंय."

लालासाहेब हसला नाही. तो पुढं सरकला. "बाई, मांड्या कवा भरत्याल? वॉकर कवा सुटल?"

बाईंनी शालूबाईकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "खाणं असंच चालू ठेवा. व्यायाम सांगितलाय तो करून घ्या. थोडी ताकद येईल. पण आजोबा, इतक्या वर्षांची झीज आहे. या वयात सगळी नाही भरून येत."

"म्हंजे किती येती?"

"ते नाही सांगता यायचं."

"दुप्पट घातलं तर?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. शालूबाईनं त्याची बाही धरून ओढली. "चला आवं. त्यास्नी बाकीची माणसं हायती."

परत येताना ती गाडीत झोपली. तिची मान डुलत होती आणि वळणावर ती पडू नये म्हणून त्यानं हात आडवा धरला होता. मळ्यात पोचायला चार वाजले. त्यानं तिला धरून उतरवलं, वॉकर दिला, खाटेपर्यंत नेलं. सकाळची मटकी पातेल्यात होती. त्यानं ती गरम केली आणि दोन वाट्यांत काढली. सांगलीत स्टँडवर खाल्लेला वडा अजून त्याच्या घशाशी होता. एक वाटी झाकून ठेवली, दुसरी घेऊन तो तिला दिसेल असा उंबऱ्यात बसला आणि खायला लागला.