चार चंबू

जिन्यात बादल्या वर चालल्या होत्या आणि ती एकटी खाली उतरत होती.

सकाळचे सात. टँकर नुकताच येऊन गेला होता. जुन्या टाकीचं पाणी या भागाला पुरत नव्हतं, पाच महिने इमारतीच्या नळांना पाणी नव्हतं, त्यामुळे या वेळी जिना म्हणजे ओल्या पायऱ्या, धापा आणि ठेवणीतल्या शिव्या. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर समोरच्या दाराच्या वहिनी बादली टेकवून, कमरेवर हात ठेवून, वाट अडवूनच उभ्या होत्या.

"निघालीस? आज बारा वाजता नवी टाकी सुरू. नक्की ना?"

"ठरलंय तरी तसं."

"ठरलंय तसं म्हणे! सगळं तुझ्या हातात आहे. हातात कुठलं, नाकात!" खालून कुणीतरी फिस्सकन हसलं. वहिनींना प्रेक्षक मिळाला की आवाज चढायचा. "हे बघ बाई, माझे गुडघे गेले. सासूबाईंना दोन तांब्यांत अंघोळ घालते मी. आज तू नाक मुरडलंस ना, तर या जिन्यातली प्रत्येक बादली तुला वाहायला लावीन."

"वास नसेल तर कशाला मुरडीन, वहिनी?"

"मागच्या महिन्यात तरी कुठे होता?"

ती ओली पायरी चुकवून, बादलीच्या कडेने अंग चोरून खाली गेली. वहिनी बोलल्या ते खोटं नव्हतं.

इमारतीत तिला सगळे नाकवाली म्हणत. पाणीपुरवठा केंद्राच्या प्रयोगशाळेत ती पाण्याचा वास घ्यायची, एकोणीस वर्षं. अशी काही नोकरी असते यावर लोकांचा विश्वासच बसायचा नाही. "म्हणजे नुसतं हुंगायचं?" असं विचारून माणसं स्वतःचंच नाक खाजवायची. यंत्रं पाण्यातलं पुष्कळ काही मोजतात. पण पेला तोंडाला लावल्यावर माणूस तोंड वाकडं करेल का, हे सांगायला माणूसच लागतो.

नोकरीला लागली होती ती फरशी पुसायला. एक दिवस हातातलं फडकं पिळता पिळता म्हणाली, "या पाण्याला गंजक्या डब्याचा वास येतोय." सगळे हसले. म्हातारे केमिस्ट तेवढे हसले नाहीत. त्यांनी पाइप उघडायला लावला, तर आत बोटभर गंज. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि काचेचा चंबू दिला. पाणी थोडं कोमट करायचं, बूच लावून हलवायचं, बूच काढायचं आणि एकदाच श्वास घ्यायचा.

"भिंतीकडे तोंड करून," ते म्हणाले होते. "आधी चिठ्ठी लिहायची, डब्यात टाकायची, मग तोंड उघडायचं. समोर दुसऱ्याचा चेहरा दिसला, की नाक त्याचं ऐकायला लागतं. आपलं ऐकत नाही."

तेव्हापासून तिच्या अंगाला पावडर नाही, केसांना वासाचं तेल नाही. घरात साबण बिनवासाचा. नवरा बस चालवायचा. दाढीनंतर लावायची बाटली त्याने डेपोत ठेवली होती. "बायको मला घरातून कोरा हाकलते, डेपोत जाऊन मी माणसात येतो," असं तो चारचौघांत सांगायचा. एखाद्या समारंभात कुणी अत्तराची कुपी पुढे केली की ती हात मागे घ्यायची, आणि बायका एकमेकींकडे बघून म्हणायच्या, "हिचं आपलं काहीतरीच." एकोणीस वर्षांत तिने स्वतःवर कशाचा वास चढू दिला नव्हता.

एकदा सोडून. मागच्या महिन्यात थंडीने तिचे हात फुटले होते. दुपारी तिचा डोळा लागला असताना सोळा वर्षांच्या लेकीने हळूच, मायेने, तिच्या हातांना वासाचं क्रीम चोळलं. दुसऱ्या दिवशी तिने चिठ्ठीवर लिहिलं : "गोडसर वास आहे." अर्ध्या गावाचं पाणी, टँकरसकट, दिवसभर बंद राहिलं. संध्याकाळी घरी तोंड धुताना ओंजळ नाकाशी आली, आणि ती तशीच उभी राहिली. बोटं तांब्यातल्या पाण्याने धुतली जात होती आणि वास त्यांच्यावर अजून होता.

कुणाला काही कळलं नसतं. तिने स्वतःहून लिहून दिलं : वास पाण्याला नव्हता, माझ्या हाताला होता.

नव्या साहेबांनी कागद वाचून घडी घातली होती. "प्रामाणिकपणा ठीक आहे, ताई. पण आता तुमच्या नाकावर विश्वास कसा ठेवायचा?"

या प्रश्नाचं उत्तर तिला अजून सापडलं नव्हतं. महिनाभर प्रत्येक चंबूआधी ती स्वतःचा तळहात हुंगत होती.

साहेबांनी आणखी एक केलं. चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा कपाटावर ठेवून दिला. "हे काय शाळेतल्यासारखं? टेबलाभोवती बसू, मोकळेपणाने बोलू." तेव्हापासून सगळे मोकळेपणाने साहेबांच्या तोंडाकडे बघत होते.

पावणेअकराला चौघं टेबलाभोवती बसले. साहेबांच्या अंगात इस्त्रीचा नवा शर्ट. खिडकीतून टाकी दिसत होती, तिच्या पायाशी मांडव आणि खुर्च्यांच्या रांगा. तिघांच्या सह्या झाल्या की बाराला चाक फिरवून पाणी सोडायचं. एक सही केमिस्टबाईंची. त्यांना लागून वर्ष होत आलं होतं आणि कायम व्हायचं बाकी होतं. दुसरी भांडीवाल्या काकांची; चंबू धुता धुता तेही वासात तयार झाले होते. तिसरी तिची.

तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. लेकीचा निरोप : "आई, वहिनी विचारतायत, पिंप घासून ठेवू का?" तिने फोन पालथा घातला.

नव्या टाकीच्या पाण्याच्या दोन बाटल्या आल्या होत्या. एक तपासायला, दुसरी राखीव, झाकणावर सहीची कागदी पट्टी चिकटवलेली. साहेबांनी पहिलीतलं सगळं पाणी चंबूत ओतलं, कोमट केलं आणि पहिला श्वास स्वतःच घेतला.

"वा! एकदम स्वच्छ. बाई?"

केमिस्टबाईंनी चंबू नाकाशी नेला. एक क्षण त्यांच्या कपाळाला आठी पडल्यासारखी वाटली. "नाही, काही नाही साहेब."

"काका?"

"आता या वयात मला काय कळतंय..." काकांनी चंबू पुढे सरकवला. "नाही."

मग तो तिच्याकडे आला. तिने तळहात हुंगला. कोरा. बूच काढलं.

आला. नवीन रंग दिलेली खोली चार दिवस बंद ठेवून दार उघडावं, तसा. हलकाच. आला आणि गेला. तिने मान वर केली. समोर तीन चेहरे. दुसऱ्यांदा श्वास घेतला तेव्हा तो नव्हता. की होता? साहेब मनगटावरचं घड्याळ फिरवत होते.

"वास आहे," ती म्हणाली.

"कसला?"

"रंगाचा. टाकीच्या आतला लेप वाळला नसावा."

"ठेकेदाराने वाळल्याचं लिहून दिलंय. यंत्राचे आकडे बरोबर आहेत. आम्हा तिघांना काही येत नाही." साहेब शांतपणे म्हणाले, "आज हाताला काय लावलंय?"

काकांनी खाली बघितलं. तिचे कान तापले.

"काही नाही."

"ताई, लोक पाच महिने पाणी वाहतायत."

"मीही वाहते साहेब. चौथ्या मजल्यावर." तिला आपलाच आवाज चढलेला ऐकू आला. "चार चंबू भरा. तिनांत जुन्या टाकीचं पाणी, एकात नव्या टाकीचं. मी भिंतीकडे तोंड करून बसते. ओळखता आलं नाही, तर सही करते."

"आणि उद्यापासून हे काम दुसरं कुणीतरी करेल. कबूल?"

एकोणीस वर्षं एका वाक्यात टेबलावर येऊन पडली. तिने मान हलवली. "कबूल."

साहेबांनी राखीव बाटली उचलली, जुन्या टाकीची उचलली आणि चंबू घेऊन कपाटामागच्या ओट्यापाशी गेले. तिने खुर्ची भिंतीकडे वळवली. या भिंतीवरचा पोपडा तिच्या ओळखीचा होता. आधी बदकासारखा दिसायचा, गेल्या वर्षी बदकाची चोच गळून पडली. मागे काच काचेला लागल्याचा आवाज. टेबलावर साहेबांचा फोन वाजून वाजून बंद झाला.

काकांनी एकेक चंबू तिच्या हातात दिला. पहिला. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसऱ्यावर तिने डोळे मिटले. काही नाही. आता उरला चौथा, यातच असणार. तिने बूच काढलं, श्वास घेतला.

काहीच नाही.

"कितवा?" मागून साहेब.

"थांबा." तिने चारही पुन्हा घेतले. पाणी, पाणी, पाणी, पाणी. म्हणजे सकाळी जो आला तो कुठून आला? वहिनींच्या धमकीतून? साहेबांवरच्या रागातून? नाक गेलं की काय आपलं? तिसऱ्याला जरासं काहीतरी होतं का? तिसरा म्हणून टाकावं. जिभेवर शब्द तयार झाला होता.

"अंदाजाने सांगा हो," साहेब जवळ आले. "चारांतला एक. लागला तर लागला."

"सांग गं एखादा," काका कुजबुजले. "देव जाणे, लागेलही."

"काका, मला एखादा नाही सांगायचा." तिने चौथ्याचं बूच घट्ट लावलं. "साहेब, यात नाही."

"म्हणजे?"

"चारही जुन्या टाकीचे आहेत. नव्या टाकीचं पाणी यात नाहीच."

साहेब हसले. "म्हणजे वास येत नाही, हे तुम्हीच कबूल केलंत."

"सकाळच्या चंबूत होता. या चारांत नाही. दोन्ही लिहून देते. पण नसलेला मी दाखवणार नाही, आणि असलेला झाकणार नाही."

 मग खुर्ची सरकली. केमिस्टबाई उठून कपाटामागे गेल्या आणि परत आल्या. त्यांच्या हातात राखीव बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली.

"साहेब," त्यांचा आवाज इतका बारीक होता, की काकांनी नळ बंद केला. "हिची पट्टी फाटलेली नाहीये."

साहेबांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा तिच्या पाठीकडे. "मला बघायचं होतं, या ठोकून देतात का."

"बघितलंत," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. 

केमिस्टबाईंनी कुणाला न विचारता पट्टी फाडली. स्टुलावर चढून पत्र्याचा डबा खाली काढला, पदराने पुसला आणि टेबलावर आपटलाच. पाणी कोमट झालं. तिघांनी आळीपाळीने भिंतीकडे तोंड करून श्वास घेतला, चिठ्ठी लिहिली, डब्यात टाकली. साहेबांनी चिठ्ठ्या उघडल्या.

"आहे. आहे, रंगाचा. आहे."

"मला मघाशीच आला होता," काका पुटपुटले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही आधीच वा म्हणालात ना साहेब."

फोन पुन्हा वाजायला लागला. बाराला वीस मिनिटं कमी होती. साहेबांनी तो उचलायला इतका वेळ लावला, की तिला वाटलं, आता हे चिठ्ठ्या खिशात घालतील. मग त्यांनी गळ्याचं बटण सोडलं, फोन कानाला लावला.

"नाही सर. आज नाही देता येणार... हो, माझी जबाबदारी."

बातमी तिच्याआधी इमारतीत पोचली होती. पाच वाजता ती आली तेव्हा टँकर उभा होता आणि गलका चालू होता. ती दिसताच गलका थांबला. घासलेली पिंपं दाराबाहेर पालथी मांडलेली. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वहिनी पुढे आल्या. भरलेली बादली त्यांनी तिच्या पायाशी ठेवली, पाणी हिंदकळून तिच्या चपला भिजल्या.

"उचल."

तिने उचलली. चौथा मजला. खाली आली तर दुसरी बादली तयार होती. ती पण उचलली. तिसऱ्या खेपेला नवरा डेपोतून आला, गणवेशातच. त्याने काही न विचारता एक बादली घेतली. लेकीने वरून उतरून पाण्याचा कॅन घेतला. जिन्यात तिघांच्याच पावलांचा आवाज. लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. 

"आई," दुसऱ्या मजल्यावर लेक म्हणाली, "खरंच होता ना गं वास?"

तिने बादली टेकवली. हे विचारायचा हक्क हिला तरी होताच.

"होता."

"मग ठीक," असं म्हणून लेक पुढे चालायला लागली.

सहा दिवस असे गेले. टाकी उपसली, लेप पुन्हा वाळवला, दोनदा धुतली. सातव्या दिवशी सकाळी चिठ्ठ्यांच्या डब्यात तीन "नाही" निघाले, आणि दुपारी इमारतीतले सगळे नळ एकदम खोकले. हवा, थुंकी, मग धार. जिन्यात आरडाओरडा झाला. तिच्या दारावर मात्र कुणी आलं नाही.

पाच मिनिटांनी थाप पडली. दारात वहिनी, हातात काठोकाठ भरलेला पेला. नजर चौकटीवर.

"घे. सासूबाईंना द्यायचंय."

तिने सवयीने आधी तळहात हुंगला. मग पेला घेतला, भिंतीकडे वळली, एकच श्वास घेतला.

"वास नाही, वहिनी."

"मला तर मागच्या आठवड्यातही आला नसता," वहिनी म्हणाल्या. पेला परत घेतला आणि तिथेच, उंबऱ्यात उभ्या राहून, आधी स्वतःच घटाघट प्यायल्या.