काकांनी टाईप केलेली गाणी

माझ्या बायकोच्या काकांनी जगात दोघांवरच मनापासून प्रेम केलं: काकूवर आणि आपल्या वीस वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर. काकू गेल्यावर तिच्या वाटचं प्रेमही कॉम्प्युटरला मिळू लागलं आणि त्या ओझ्याने तो बिचारा आणखीच हळू चालू लागला. आगाशीजवळच्या घरात त्याच्यावर काकूचं लाल लुगडं पांघरलेलं असे. दुपारी बारा ते तीन त्याची विश्रांती. तेव्हा पाहुण्यांनीही हळू बोलायचं. ईस्टरला घरावर शिंपडलेल्या पवित्र पाण्याचे चार थेंब त्याच्या मागच्या भोकांतही जात. "काका, शॉक लागेल," मी एकदा म्हटलं. "आशीर्वादाने शॉक लागत नाही," ते म्हणाले, आणि घरातले दिवे गेले.

मला कॉम्प्युटरमधलं कळतं, असा सासरी समज आहे. कबूल करतो, तो मीच पसरवला. ऑफिसात मी प्रिंटरला कागद घालतो. तरी मीच काकांच्या मागे लागलो, "नवी सिस्टीम टाकू, परदेशातली नातवंडं समोर दिसतील." शेवटी काका यंत्र गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, रिक्षाने आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटवर आले. "बाबा, पेशंटला काय झालंय?" रिक्षावाल्याने विचारलं. "म्हातारपण," काका म्हणाले. दारातच मला बजावलं, "जावई, बाकी काय वाटेल ते कर. गाणी सांभाळ."

ही गाणी काकूची. लग्नघरी ती गायची ती, आमच्या बोलीतली. ती सांगायची, काका टाईप करायचे, नऊ वर्षं. मी सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि जुनं सगळं पुसलं. फॉन्ट घ्यायचा राहिला. तो माणिकपूरच्या एका छापखानेवाल्याने बोलीतल्या उच्चारांसाठी खास जुळवून दिलेला, आणि तो छापखाना कधीच बंद पडलेला. नव्या सिस्टीमवर पहिलं गाणं उघडलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हं.

"काका, मी घालवलं सगळं," मी म्हणालो. तोंड दाखवायची सोय नव्हती.

काकांनी चष्मा लावला, पडद्याला नाक टेकवलं आणि ते त्या कचऱ्यावर बोट फिरवत बेसूर गाऊ लागले. मला वाटलं, धक्क्याने डोकं फिरलं.

"अक्षर दिसत नसलं तरी मी दाबलेलं बटण दिसतंय ना? रडतोस काय? टाईप कर."

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी आगाशीला जातो. काका वाचतात, मी एका बोटाने टाईप करतो. काकांचा एक डोळा आता अधू झालाय, म्हणून मी घाई करतो. ते करत नाहीत.

गेल्या रविवारी ते मध्येच थांबले. पडद्यावर ओळभर नुसती डॉलरची चिन्हं होती.

"हे माझं नाही. माझा हात दुखत होता, म्हणून तुझी काकू बसली टाईप करायला. बटण दाबलं की सोडायचीच नाही. शिकवून थकलो."

"मग ही ओळ गाळू?"

"नको," काका म्हणाले. "तेवढा वेळ तिचं बोट होतं तिथे."

मी नव्या फायलीत ते सगळे डॉलर एकेक करून टाईप केले. काकांनी ते मोजून घेतले.