मिसळ खाल्लेल्या जिभेची परीक्षा

वाईन चाखायला जाण्याआधी मिसळ खाऊ नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण त्या दिवसांत मी तज्ज्ञ होतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी पेला गरगर फिरवायला शिकलो होतो. सरावाला घरात वाईन नव्हती म्हणून कोकम सरबत फिरवायचो. बायकोने भिंतीवरचे डाग पुसले आणि माझ्या हाताखाली जुना टॉवेल अंथरला. मला ते कौतुक वाटलं.

शनिवारी पन्हाळ्यापलीकडच्या उतारावरचा एक द्राक्षमळा बघायचा आणि तिथंच मुक्काम करायचा, इथवर एकमत होतं. भांडण होतं ते रविवारचं. मला पुढच्या दुसऱ्या मळ्यावर जायचं होतं. बायकोला डोंगराच्या पायथ्याचं एक जुनं जहागिरीचं गाव बघायचं होतं. तीस वर्षं आम्ही त्या गावावरून कोकणात जातोय आणि तीस वर्षं मी "येताना थांबू" म्हणतोय.

गाडीत पैज मीच लावली. "समोर ठेवतील ते सगळे पेले ओळखले, तर रविवार माझा. एक जरी चुकला तर तुझा."

"मी पण ओळखू का?"

"तुझा शनिवार हाय. तू काय पिणार?"

"वास घेतला म्हणून उपास मोडत न्हाई."

वाटेत मी मिसळ खाल्ली. झणझणीत कट दोनदा मागून घेतला. ती समोर नुसता चहा पीत बसली होती. तिसऱ्यांदा "घ्या की अजून थोडा" असं तीच म्हणाली होती, हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात येतंय.

मळ्यावर वाईनची माहिती द्यायला एक तरुण मुलगी होती. तिने आम्हाला एक साधी लाल वाईन, एक गोड, एक लाकडी पिंपात मुरवलेली आणि ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठीचा नुसता द्राक्षाचा रस, असं सगळं दाखवलं. पैजेचं कळल्यावर हसत हसत चारही पेले अदलाबदल करून टेबलावर मांडले.

पहिल्या घोटाला मला काही लागलं नाही. दुसऱ्यालाही नाही. जिभेवर अजून कट मुक्कामाला होता. पण माघार घेतो कोण? डोळे मिटून मी तिसरा पेला फिरवला, थोडा शर्टावर सांडला, घोट तोंडात घोळवला आणि म्हणालो, "ही पिंपातली. बरीच वर्षं मुरलीय. जरा चढली पण."

"काका," ती मुलगी हळूच म्हणाली, "तो रस आहे."

बायको पेल्यांवर एकेक करून वाकली. कढीला मीठ पडलंय का, हे ती असंच वासावरून सांगते. "हा रसच. ही गोड. ही साधी." शेवटच्या पेल्यापाशी जरा थांबली. "ह्यात लाकूड करपलंय."

मुलगी बघतच राहिली. "पिंपं आतून भाजलेली असतात, काकी. तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या आप्पांचं गुऱ्हाळ होतं, हातकणंगल्याकडं. काहिलीतला उसाचा रस खाली लागायच्या आधी वास कळाय पाहिजे, न्हाईतर सगळा गूळ वाया. आप्पा मलाच उभं करायचे चुलवाणापाशी."

सासऱ्यांचं गुऱ्हाळ मला माहीत होतं, पण चुलवाणापाशी बायको उभी असायची ही माहिती नवीन होती.

"हे कधी सांगितलं न्हाईस," मी म्हणालो.

"तुम्ही कधी बोलायचं थांबलाय का?"

रविवारी गाडी तिने चालवली. रस्त्याने जोतिबाहून परतणारी गुलालाने माखलेली माणसं भेटत होती. त्यांच्यापेक्षा माझा कालचाच शर्ट जास्त रंगलेला होता. गावात ती तीन तास फिरली, मी पिशव्या धरून मागे. जहागिरीच्या जुन्या न्यायकचेरीत आता शिंपी बसतो आणि साक्षीदाराच्या कठड्यावर शिवलेल्या पँटी लटकत असतात. तिथं तिने विनाकारण दोन ब्लाऊज शिवायला टाकले. म्हणजे परत यावं लागणार.

शेवटी एक भलीमोठी दगडी कमान लागली. बाजूच्या कट्ट्यावर एक म्हातारबाबा बसले होते.

"हत्तीखाना हाय, पावणं."

"किती हत्ती होते?" मी विचारलं.

"हत्ती कुठला? केवढीशी जहागिरी. पण बांधला की. कमान एवढी असली की लोकास्नी वाटतंय, आत हत्ती असंल."

बायकोने माझ्याकडं बघितलंही नाही. गरजच नव्हती. मी गुपचूप कमानीतून आत शिरलो. आत गार होतं, ऐसपैस होतं.

"बघा निवांत," बाहेरून तिचा आवाज आला. "आज थांबायला वेळ हाय."