उंबऱ्याबाहेरचा मोती

कुत्रा असलेल्या घरात किस्से साठवावे लागत नाहीत. त्याच्या केसांसारखे ते आपोआप साचतात. सकाळी झाडून काढले की दुपारी सतरंजीखाली पुन्हा चार! मैत्रिणी विचारतात, "शालू, तुझ्याकडे रोज नवं काहीतरी कसं गं असतं?" नवं कसलं! घरात एक कुत्रा आणि त्याच्याबद्दल ठाम मतं असलेली तीन वडीलधारी माणसं, एवढं असलं की पुरतं. चौथं मत माझं. ते कुणी विचारत नाही, म्हणून मी न विचारताच सांगते.

* * *

मोती आमच्या घरी आला नाही. आम्ही त्याच्या घरी आलो.

माझे वडील, अण्णा, नगरला शाळेत भूमिती शिकवायचे. गावातली जागा अपुरी पडायला लागली म्हणून आम्ही केडगावला पुणे रस्त्याजवळ बिऱ्हाड केलं. घरमालक बापू मागच्या मळ्यात राहायचे. त्यांनी जागा दाखवली.

"ह्या दोन खोल्या. ही पडवी. तिकडं हौद. आन् ह्यो मोती."

पडवीत तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला असा कुत्रा आडवा झाला होता. त्याने एकदाच शेपटी आपटली, हजेरी दिल्यासारखी.

"कुत्रं नको हं आम्हाला," अण्णा म्हणाले.

"मास्तर, नगो म्हनून कसं जमंल? तुमी आज आलाव. त्यो चार वर्सांपासनं हाय!"

अण्णांनी वळून आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. सोवळं कडक, आणि घरातला शेवटचा शब्द तिचा. ती म्हणाली, "या घरात आहोत तोवर राहू दे. घर सोडलं की कुत्रं बापूंचं. मला शब्द दे."

अण्णांनी शब्द दिला. मीही मान डोलावली. मला काय ठाऊक होतं! महिन्याभरात मोती मला कॉलेजच्या बसपर्यंत पोचवायला आणि संध्याकाळी आणायला यायला लागला. तेव्हापासून तो शब्द मला रोज टोचायचा. भाड्याचं घर ते, कधी ना कधी सुटणारच होतं.

* * *

आत्याने मोतीला उंबऱ्याची हद्द घालून दिली. उंबऱ्याच्या आत कुत्रा नको! मोतीने दोन दिवस हद्द पाळली. तिसऱ्या दिवशी त्याने मागचे पाय पडवीत ठेवले आणि उरलेला सगळा मोती घरात पसरून दिला.

"कुत्रं आत आलंय!" आत्या ओरडली.

"पाय बाहेर आहेत," मी म्हटलं.

"दोन बाहेर आहेत. दोन आत आहेत."

"म्हणजे बरोबरी झाली!"

वाद अण्णांपुढे गेला. अण्णा भूमितीचे. त्यांनी वहीतून डोकं वर काढून निकाल दिला, "चारही पाय बाहेर असतील तरच कुत्रा बाहेर धरायचा." आत्या खूष झाली. मी चिडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोती आत उंबऱ्याला समांतर, कुशीवर लांबलचक आडवा झाला होता. पोट, पाठ, डोकं, शेपूट सगळं घरात, आणि चारही पाय उंबऱ्यावरून पडवीत लांबवलेले!

अण्णांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. म्हणाले, "अक्का, माझ्या वर्गातल्या एकालाही हे सुचलं नसतं."

* * *

माझ्या आजोबांचं नाव मोतीराम. ते जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी आई सासऱ्यांचं नाव तोंडाने घेत नाही. दागिन्यातल्या मोत्यांनाही ती "ते पांढरे मणी" म्हणते. मग कुत्र्याला हाक कशी मारणार?

मी म्हटलं, "आई, त्यांना काय कळतंय आता?"

"त्यांना नसेल कळत. मला कळतं ना!"

शेवटी तिने आपली वाट काढली. मोतीला ती "अहो" म्हणायला लागली. "अहो, या इकडे. अहो, चिखलाचे पाय घेऊन कुठे निघालात?"

एका रविवारी तिने मागच्या दारातून हाक मारली, "अहो, लवकर या. गरम आहे तोवर खाऊन घ्या!" मळ्याकडून मोती धावत आला आणि पुढच्या खोलीतून गालाला साबण फासलेले अण्णा आले. आईच्या हातात दुधात कुस्करलेल्या शिळ्या पोळीची थाळी होती. दोघंही थाळीकडे बघत उभे राहिले.

आई अण्णांना म्हणाली, "तुम्ही नाही हो. हे!"

* * *

दुष्काळाच्या साली रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही. अण्णा रोज जेवताना आमचं बौद्धिक घ्यायचे, "रस्त्याच्या कामावर माणसं उन्हात खडी फोडताहेत. पानात पडेल ते गोड मानून खावं."

मोतीला रोज त्याच भाकरीचा चतकोर मिळायचा. तो चतकोर अदबीने तोंडात धरायचा, अडुळशाच्या झुडपामागे न्यायचा आणि पुरून यायचा. अण्णा खवळले. "माजलाय तो! अशा दिवसांत अन्न मातीत घालतो! याला दोन दिवस उपाशी ठेवा म्हणजे कळेल."

मोतीची बाजू घ्यायला माझ्याकडे काही नव्हतं. लाज वाटून मी खुरपं घेतलं आणि झुडपामागची जागा उकरली. म्हटलं, धुऊन बापूंच्या गाईला तरी घालू. चतकोर निघाले, पाच-सहा. पण त्यांच्याखाली अर्ध्या-अर्ध्या भाकऱ्या निघाल्या, आणि त्यांना आमटी लागलेली होती!

मोतीला आमटी कुणीच वाढत नव्हतं. जेवल्यावर हात धुवायला अडुळशापर्यंत जाणारं माणूस घरात एकच होतं.

मी सगळं टोपलीत भरून अण्णांपुढे ठेवलं. अण्णांनी टोपलीतली एक अर्धी भाकरी उलटून पाहिली. मग म्हणाले, "त्याला उपाशी ठेवू नका. दात दुखत असतील बिचाऱ्याचे."

* * *

माझ्या मैत्रिणीचे वडील भिंगार कॅम्पात कॅप्टन होते. ते सुटीवर गावी गेले तेव्हा त्यांचा अल्सेशियन सीझर आठ दिवस आमच्याकडे राहिला. आत्या एकाला कंटाळलेली, आता दोन झाले! पण सीझरने पहिल्याच दिवशी तिला जिंकलं.

आत्याने लांबूनच त्याच्या थाळीत दूधभात वाढला. सीझर थाळीपुढे ताठ बसला आणि नुसता बघत राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तोंडातून लाळ गळतेय, पण शिताला स्पर्श नाही.

आत्याचे डोळे भरून आले. "बघ, शाले! मुकं जनावर! देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंड लावत नाही. नाहीतर तू. आंघोळीच्या आधी शंकरपाळे खातेस!"

ती आत गेली, देवाला नैवेद्य दाखवून आली आणि लांबूनच सीझरला म्हणाली, "झालं हो बाळा. जेव आता." सीझर हलला नाही. "अगं, आज एकादशी आहे की काय?" म्हणत आत्या पंचांग बघायला गेली.

ती गेल्यावर मी हळूच म्हटलं, "ईट!" अर्ध्या मिनिटात थाळी लख्ख झाली. आत्याला मी ते सांगितलं नाही. एवढी काही मी दुष्ट नाही.

सीझर गेल्यावर मात्र मोतीचे हाल झाले. तो भाकरीवर झडप घालायचा, आणि आत्या म्हणायची, "एवढा लष्करातला पाहुणा येऊन गेला, काही शिकलास का?"

* * *

मला बघायला आले त्या दिवशी मोतीला मागे बांधायचं ठरलं होतं. बांधायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे तो अर्थातच पडवीत होता.

मुलगा पुण्याचा, बँकेतला, गरीब स्वभावाचा. बोलत होते ते त्याचे वडील. स्वयंपाक येतो का? गाणं येतं का? बी.ए. झालीच आहे, तर आता आणखी शिकायचं खूळ नाही ना? मी खाली बघून नखं कुरतडत होते. तोंड उघडायचं नाही, अशी आत्याने शपथच घातली होती.

शेवटी ते अण्णांकडे वळले. "देण्याघेण्याचं काय ते आधी स्पष्ट झालेलं बरं."

त्याच क्षणी मोती उंबऱ्याशी येऊन उभा राहिला आणि घशातल्या घशात गुरगुरला. गृहस्थांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "चावतं का हो हे?"

मी मान वर केली. "आजवर कुणाला चावला नाही. पण आजवर त्याच्यासमोर देण्याघेण्याचंही कुणी काढलं नव्हतं!"

पोहे तसेच राहिले. मुलाने जाता जाता मोतीला आपल्या बशीतला खोबऱ्याचा तुकडा टाकला. तेवढ्यापुरतं मला जरा वाईट वाटलं.

आत्या रात्रीपर्यंत पुटपुटत होती, "हिचं लग्न आधी होतंय, की हे घर आधी सुटतंय बघू. काहीही झालं तरी एक ब्याद टळेल!"

* * *

घर आधी सुटलं. मे महिन्यात अण्णांची मिरजगावच्या शाळेत बदली झाली.

मी पहिल्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी भांडले आणि तिसऱ्या दिवसापासून अबोला धरला. अण्णा एकच म्हणायचे, "मी शब्द दिलाय." आई म्हणायची, "वन्संना विचार." आणि आत्या? "नव्या घरात देवांबरोबर कुत्रं न्यायचं? जमणार नाही." बापू तर म्हणाले होते, "माजी काय आडकाठी न्हाई. न्या की! लई जीव लावलाय त्यानं." परक्या माणसाला कळत होतं. घरच्यांना नाही!

निघायच्या सकाळी बापूंनी मोतीला गोठ्यात दाव्याने बांधलं. मी त्याच्याकडे न बघता सामान भरत राहिले. बघितलं असतं तर निघाले नसते.

हौद उपसला होता, बादल्या टेम्पोत सगळ्यात खाली गेल्या होत्या. आत्या पहाटेच आंघोळ करून, सोवळ्याची धाबळी नेसून टेम्पोत पुढे बसली होती. मांडीवर देवांची पेटी. मिरजगावला देव मांडून होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. म्हणून आम्ही तिघं मागे गाद्यांवर बसणार होतो, आणि ड्रायव्हरला आत्याने अंग चोरून गाडी चालवायला सांगितलं होतं.

ड्रायव्हर मागे दोर आवळत होता. मी शेवटची घागर घेऊन आले, आणि पुढून काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. आम्ही सगळे पुढे धावलो.

आत्या आणि ड्रायव्हरच्या जागेच्या मधोमध मोती बसला होता. गळ्यात कुरतडलेल्या दाव्याचा तुकडा. हनुवटी आत्याच्या धाबळीवर.

आत्याने पेटी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली होती.

"आजी, तुमी घाबरू नगा," ड्रायव्हर म्हणाला. "म्या काढतो त्याला." त्याने आत हात घातला.

"खबरदार!" आत्या कडाडली. "हात मागे घे! एकाने शिवलंय तेवढं पुरे नाही का? आता तू कशाला आणखी?"

"मग ह्याला खाली कोन काडनार?"

"अक्का, मी काढतो," अण्णा चाचरत म्हणाले.

"म्हणजे तूही शिवणार! आणि याला खाली काढलं तर हा पुन्हा चढणार. मी किती वेळा आंघोळ करू? पाणी आहे का इथे? आंघोळ काय ती मिरजगावला, एकदाच!"

बापू धापा टाकत आले. "मास्तर, सरा बाजूला. धरतो म्या."

"बापू, तुम्ही मधे पडू नका," आत्या म्हणाली. "उशीर होतोय."

एवढा वेळ ती पेटी वर धरूनच बोलत होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली.

"शाले, सकाळी आंघोळ केलीस ना?"

मी नुसती मान डोलावली. अबोला होता ना.

"मग धर हे देव. मागे मांडीवर घेऊन बस, आणि वाटेत काही खाऊ नकोस."

देवांची पेटी! जिला मी जन्मात कधी बोट लावलं नव्हतं, ती तिने खिडकीतून माझ्या हातात दिली. मग धाबळीचा पदर खोचला आणि मोतीच्या गळ्यातला दाव्याचा तुकडा मुठीत धरला.

"आत्या," शेवटी मीच बोलले, "पण देव माझ्याकडे कसे काय?"

"मग काय करू? मला आता दोन्ही हात लागणार आहेत," आत्या म्हणाली. "वळणावर पडेल तो."