सहावर थांबणारा हात

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात लकव्याने गेला आणि सहा महिन्यांत निम्मा परत आला. उरलेला निम्मा व्यायामाने येईल, असं डॉक्टर म्हणाले. दाबायला मऊ चेंडू दिला. अण्णांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून फेकून दिला. फर्दापूरच्या घाटात जन्मभर लाल बस चालवलेला माणूस तो.

शेवटी माझं खेळातलं विमान कामी आलं. बिडकीनच्या कारखान्यातून घरी आले की मी कॉम्प्युटरवर विमान उडवते. इंटरनेटवर पलीकडे खरी माणसं कंट्रोलर म्हणून बसलेली असतात. ती आपल्या विमानाला चार आकडी नंबर देतात. तो ट्रान्सपाँडरवर लावला की त्यांच्या पडद्यावर आपली ओळख पटते. शहागंजातून चार गोल बटणं आणून मी ट्रान्सपाँडर बनवला होता. एका बटणाला एक आकडा, शून्य ते सात. ती बटणं पिळायचं काम मी अण्णांना दिलं. ते रोज बसू लागले. पण मला धास्ती होतीच: एकदा फजिती झाली की हेही चेंडूच्याच वाटेनं जाणार.

त्या रविवारी सकाळी आम्ही चिकलठाण्याच्या विमानतळावरून उडालो. नंबर होता २५००. थोड्या वेळाने कंट्रोलर बाईंनी नवा दिला, ७२१४.

अण्णांनी पहिलं बटण धरलं. दोनाचे आधी सात केले तर मधेच ७५०० होतो. ७५०० म्हणजे विमान पळवून नेलंय, असा इशारा. खेळात तो क्षणभर दिसला तरी बाहेर काढतात. म्हणून सातावर जायच्या आधी दुसरा आकडा बदलायचा. मी हे लाल अक्षरांत लिहून पडद्याशेजारी चिकटवलं होतं. पण अण्णा तिकडे बघतात कुठं?

तीन. चार. सांगावं तर चिडतील, हात धरावा तर उठून जातील. जेवताना मी त्यांच्या हातातला चमचा घेते, त्यावरून आधीच घरात धुसफूस होती. पाच. सहा.

"अण्णा, थांबा." मी खेकसलेच.

हात दचकला. बटण सातावर गेलं. आम्हाला बाहेर काढल्याची ओळ पडद्यावर आली.

अण्णांनी बटणावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "म्या सहावर थांबून बाजूचं फिरवणार व्हतो. वाचलंय म्या ते. तू वरडलीस म्हून हात उडाला."

ते आत गेले. मला इतकी लाज वाटली की आठवडाभर त्या खुर्चीकडे बघवेना.

पुढच्या रविवारी चहा घेऊन आले, तर अण्णा खुर्चीत. माझ्या लाल अक्षरांच्या कागदावर त्यांनी दुसरा कागद चिकटवला होता. अक्षरं वाकडीतिकडी, पण उजव्या हाताची: वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.

"तू मागच्या शिटावर बस," ते म्हणाले.

मी मागे पलंगावर जाऊन बसले.