तपासणीचा पांढरा खडू

माणसाची खरी ओळख त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेली असते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. आमच्या शेजाऱ्यांना मी शेवटची दोन वर्षं तळपायांवरून ओळखत होतो. बाकीचे ते गाडीखाली असत. फाटक वाजलं की आतून आवाज यायचा, "कोण? बाबूजी का? पाय सांभाळून जी, नट मांडले आहेत."

बाबूजी म्हणजे मी. भोपाळच्या ज्या अवाढव्य कारखान्यात ते टर्बाइन जोडायचे, तिथेच मी रेकॉर्ड सेक्शनला कारकून होतो. ते नागपूरचे, मी पुण्याचा. आनंद नगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. निवृत्त माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाग करतात, पोथी वाचतात, नाहीतर कॉलनीच्या समितीत शिरून एकमेकांना नोटिसा पाठवतात. यांनी स्पोर्ट्स कार आणली.

ती चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या एका बंगल्यावरची. साहेबांच्या मुलाने हौसेने घेतलेली जुनी परदेशी गाडी. क्लच गेला तेव्हा शहरातल्या गॅरेजवाल्यांनी खाली वाकून पाहिलं आणि हात जोडले. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पार मागच्या चाकांपाशी, आणि दोघांना जोडणारी माणसाच्या उंचीची नळी. क्लच बसतो पुढे, इंजिनाला चिकटून. पण तो बदलायचा तर आधी मागचा गिअरबॉक्स उतरवा, मग नळी मागे सरकवा, मग कुठे त्याचं दर्शन. खुद्द साहेबांपर्यंत पोचायलाही तीन चपराशी ओलांडावे लागत, त्यामुळे त्यांना या रचनेत काही वावगं वाटलं नसावं. बंगला सोडताना त्यांनी गाडी भंगारात काढली. यांनी ती ढकलत आणवली.

"ही कार नाही जी," ते म्हणाले. "इकडे टर्बाइन, तिकडे जनरेटर, मधी शाफ्ट. जिंदगीभर हेच तर केलं."

खरं कारण मला वहिनींनी सांगितलं. "छत्तीस वर्षं यांनी मशिनं जोडली, भाऊजी. जोडून झाली की ट्रेलरवर चढून कुठल्या कुठे रवाना. मी एकही चालताना पाहिलं नाही. म्हटलं, तुमच्या हातचं काहीतरी एकदा चालतं करून दाखवा. बड्या तलावाला एक चक्कर मारून आणा."

वहिनींचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी वर्षांची भाषा सोडून महिन्यांची धरली होती. आणि यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. दोघांनाही दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या, आणि घरात बोलणं मात्र नटबोल्टांचंच चाले.

कारखान्याचा एक नियम त्यांनी अंगणातही पाळला. जोडणाऱ्याने लाल खडूची रेघ मारायची, तपासणाऱ्याने बोट लावून पाहायचं आणि मग पांढरी. दोन्ही खडू एका हातात कधीच नाहीत. तपासणारा म्हणून त्यांनी मला नेमलं. मी आयुष्यभर न वाचता सह्या केल्या होत्या, हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

क्लचची नवी प्लेट बसवायचा दिवस मला आठवतो. ती चकती दोन्हीकडून सारखी दिसते, पण एका बाजूला मधोमध उंचवटा असतो. तो गिअरबॉक्सकडेच हवा. हात थरथरला म्हणून त्यांनी चकती खाली ठेवली, घाम पुसला, पुन्हा उचलून बसवली. "उंचवटा माझ्याकडे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे ना, पाहा जरा, बाबूजी. चष्म्यावर घाम आहे." वहिनी खुर्ची टाकून बसल्या होत्या. माझ्या हातात त्यांनी दिलेली पोह्यांची बशी होती, आणि मी त्यांना समितीच्या अध्यक्षांची नक्कल करून दाखवत होतो. त्या हसत होत्या. मी वाकलो, म्हणालो "आहे, आहे," आणि पांढरी रेघ ओढली.

मग वरचं झाकण, नळी, गिअरबॉक्स. सगळं जागच्या जागी जायला महिना गेला.

वहिनी ठेवणीतली साडी नेसून गाडीत बसल्या. यांनी चावी फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. क्लच दाबला, गिअर टाकला; दातांवर दात घासल्यासारखा आवाज आला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकला. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

वहिनी म्हणाल्या, "आवाज छान आहे हो."

क्लच सुटत नव्हता, म्हणजे प्लेट उलटी बसली होती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन कबूल केलं, "मी पाहिलंच नव्हतं. नुसता खडू ओढला."

"माहीत आहे जी," पाय म्हणाले. "कारकुनाला तपासायला लावलं, ही फिटरची चूक."

कारखान्याच्या नियमात जबाबदारी तपासणाऱ्याची असते. मी त्या नियमाची फाइल वीस वर्षं सांभाळली आहे.

ते पुन्हा सगळं उतरवायला लागले. आता हात जास्त हलत होता. एका बोल्टला एक सकाळ लागे. वहिनी खुर्चीवरून पलंगावर गेल्या. खिडकी उघडी ठेवायला लावत. ठोक्यांचा आवाज थांबला की आतून विचारत, "काय हो, झालं का?" हे खालून ओरडत, "होतंय, होतंय."

चौथ्या आठवड्यात एका सकाळी ठोके थांबले, तरी खिडकीतून काही आलं नाही. मी आत गेलो, आणि बाहेर येऊन त्यांच्या पायांशी बसलो. काय बोललो ते आठवत नाही. वहिनी गेल्या, एवढंच बोललो असेन. पाय हलले नाहीत. खालून आवाज आला, "बाबूजी, नळी हातावर तोललेली आहे. आधी खाली टेकण लावा."

मी लाकडी ठोकळा सरकवला. मग ते बाहेर आले.

तेरावा झाल्यावर त्यांनी काम पुरं केलं. प्लेट बसवली आणि बाजूला झाले. मी उंचवट्यावर बोट ठेवलं, चष्मा पुसून पुन्हा ठेवलं. गाडी चालली. सगळे गिअर लोण्यासारखे पडत होते. त्यांनी ती फाटकापर्यंत नेली आणि मागे घेतली.

"तलावापर्यंत जाऊन यायचं का?" मी विचारलं.

"कोणाला दाखवायला जी?" ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

पुढे मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. त्याच हिवाळ्यात तिचा फोन आला. तिने मला आधी जेवण झालं का विचारलं, तेव्हाच ते गेल्याचं मला कळलं.

गाडी तिने विकली. आता ती रायसेन रोडवरच्या एका मॅरेज गार्डनच्या दाराशी उभी असते. नवरदेव तिच्यात बसून फोटो काढून घेतात. मी चौकशी केली. ते लोक ती सुरू करत नाहीत. चौघे मिळून ढकलतात.